परदेशात कंपनी थाटायचीय? आधी त्या देशाची खोड ओळखा

तासगावचा एक पोरगा माझ्याकडे आला होता. द्राक्षबागेतल्या मातीचा ओलावा मोजणारं यंत्र त्याने बनवलं होतं आणि तीसेक बागायतदार रोख पैसे मोजून ते वापरत होते. चहा यायच्या आत त्याने विचारलं, "सर, कंपनी अमेरिकेत डेलावेअरला काढू की सिंगापूरला?"

"गिऱ्हाईक कुठलं तुझं?"

"तासगाव, पलूस. थोडं नाशिककडे."

"मग डेलावेअर कशाला रे?"

जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सगळे काढतात ना."

मी पुण्यात नव्या कंपन्यांना कागदपत्रांत आणि करारांत मदत करतो. 'सगळे काढतात ना' हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. व्हिडिओ बघून कोणाला इस्रायल भुरळ घालतो, कोणाला एस्टोनिया, कोणाला कॅलिफोर्निया. प्रत्येक देशाची स्टार्टअपची रीत त्याच्या स्वतःच्या अडचणीतून घडलेली असते. ती अडचण आपली नसेल तर ती रीत आपल्याला फार कामाची नसते, आणि असेल तर सोन्यासारखी असते. ते ओळखायचं कसं, हे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: चार ओळी लिहा

लॅपटॉप बाजूला ठेवा आणि वहीत चार ओळी लिहा. गिऱ्हाईक कुठे आहे? पहिला पैसा कोण देणार? कामाची माणसं कुठे मिळणार? परवानगी कोणाची लागणार?

अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर पहिली ओळ सगळ्यात जड. वैद्यकीय उपकरण असेल तर चौथी. चारपैकी तीन ओळींत भारत आला, तर परदेशी कंपनीचा विचार तूर्त सोडा. इथे मिळतं ते आधी घ्या. स्टार्टअप इंडिया १६ जानेवारी २०१६ ला सुरू झालं. त्याखाली केंद्राची मान्यता ऑनलाइन मिळते. सीड फंड योजनेत मान्य इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, कल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांवर भांडवल मिळू शकतं. असे इन्क्युबेटर आपल्याकडेही आहेत: पुण्यात एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर २००७ पासून आहे, पवईला आयआयटीचं साइन २००४ पासून. महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवड झाली तर सरकारी खात्याकडून वर्क ऑर्डर मिळते. माझ्या मते ती ढालीपेक्षा आणि हारतुऱ्यांपेक्षा कितीतरी मोलाची, कारण तिच्यातून पहिलं गिऱ्हाईक हाती लागतं.

पूर्वी लोकांनी परदेशी कंपनी काढण्यामागे एक खरं कारण होतं, एंजल टॅक्स, म्हणजे शेअरच्या रास्त किमतीपेक्षा जास्त आलेल्या गुंतवणुकीवरचा कर. २०१२ मध्ये आलेला तो कर २०२४ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. उलट, बाहेर गेलेले परत येतायत. फोनपेने २०२२ मध्ये आपलं बिऱ्हाड सिंगापूरहून भारतात हलवलं, तेव्हा त्यांच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. म्हणजे जाताना भाडं स्वस्त आणि येताना विमान, असा हा प्रवास आहे.

दुसरी पायरी: त्या देशाचं काय दुखत होतं ते शोधा

या पायरीला वेळ द्या. बाकीच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

इस्रायलकडे पाणी नव्हतं आणि शेजाऱ्यांशी व्यापारही नव्हता. पाण्याच्या टंचाईतून ठिबक आलं. नेटाफिम ही कंपनी १९६५ मध्ये नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरिम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वस्तीत, सुरू झाली. आपल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना ते नाव वेगळं सांगायला नको. पुढे १९८९ नंतर कोसळत्या सोव्हिएत संघातून सुमारे दहा लाख ज्यू तिथे आले. त्यांत इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ भरपूर, पण त्यांना काम देणाऱ्या कंपन्या नव्हत्या. देशात हुशारी होती, पण जोखमीचं भांडवल नव्हतं. मग १९९३ मध्ये सरकारने 'योझ्मा' हा कार्यक्रम काढला. हिब्रूत त्याचा अर्थ पुढाकार. त्यासाठी १० कोटी डॉलर बाजूला काढले. त्यातून दहा फंड उभे राहिले, प्रत्येकात सरकारचे सुमारे ८० लाख डॉलर, आणि अट अशी की परदेशी भांडवलदार बरोबर हवा. गंमत पुढे आहे. फंड चालला तर पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा मूळ किंमत अधिक व्याज देऊन विकत घ्यायची मुभा त्या खासगी भागीदारांना होती. नुकसानीत सरकार भागीदार, नफा मात्र जवळजवळ सगळा तुमचा. आपल्याकडे असा प्रस्ताव एखाद्या सचिवाने मांडला असता, तर दुसऱ्या दिवशी विधानसभेत काय झालं असतं याची कल्पना करा.

यातून तुम्ही काय घ्यायचं? इस्रायली कंपनीला घरचा बाजार जवळपास नसतोच, म्हणून ती पहिल्या दिवसापासून अमेरिकेकडे बघते. तुम्हाला भारतात विकायचं असेल तर ती पद्धत उचलू नका. सायबर सुरक्षा, सेन्सर किंवा शेतीचं तंत्र यांत भागीदार शोधत असाल, तर मात्र तिथलं दार जरूर ठोठवा.

एस्टोनियाचं दुखणं वेगळं. १९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळालं तेव्हा जेमतेम पंधरा लाखांचा देश, आता तर तेराच. म्हणजे अख्खा देश पुणे शहरात मावेल. गावोगाव सरकारी कचेऱ्या चालवणं परवडणार नव्हतं, म्हणून त्यांनी कचेरीच संगणकात घातली. शाळांत संगणक पोचवणारी 'वाघाची झेप' ही योजना १९९६ ची, सरकारी माहिती जोडणारी एक्स-रोड प्रणाली २००१ ची, डिजिटल ओळखपत्र २००२ चं. स्काइपचे संस्थापक एक स्वीडिश आणि एक डेन, पण सॉफ्टवेअर लिहिलं ते राजधानी टालिनच्या मुलांनी. २००५ मध्ये ईबेने स्काइप २६० कोटी डॉलरला घेतलं आणि त्या पैशातून, त्या अनुभवातून पुढची पिढी उभी राहिली. स्काइपचा पहिला कर्मचारी तावेत हिन्रिकुस. त्याने मित्राबरोबर २०११ मध्ये काढलेली कंपनी म्हणजे आजची वाइज, एका देशातून दुसऱ्या देशात पैसे पाठवायला लोक जिचा ॲप वापरतात ती.

माणसं कमी, म्हणून मग त्यांनी डिसेंबर २०१४ पासून परदेशी लोकांनाच 'ई-रहिवासी' करून घ्यायला सुरुवात केली. इथे एक घोळ हमखास होतो. ई-रहिवासी कार्डाने तिथे राहता येत नाही, व्हिसा मिळत नाही आणि तुमचा कर तिकडे सरकत नाही. घरबसल्या कंपनी काढायची आणि सही करायची सोय, एवढंच ते आहे. नफा कंपनीतच ठेवला तर तिथे कर शून्य, वाटला की २०२५ पासून २२ टक्के. पण सगळे निर्णय तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटमधून घेत असाल, तर ती कंपनी करापुरती भारतातलीच आहे असं आपलं आयकर खातं म्हणू शकतं. युरोपात गिऱ्हाईक असलेल्या, एकट्याने काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला मी हे कार्ड सुचवतो. बाकीच्यांना नाही.

सिंगापूरला जमीन नाही. आयर राजा भागातली ब्लॉक ७१ ही जुनी औद्योगिक इमारत पाडायला निघाली होती, तिथे २०११ मध्ये नव्या कंपन्यांना जागा दिली आणि आज तिच्या नावाने शाखा निघतात. तिथे सगळं सरकारने आखलेलं, वेळेवर आणि महाग.

कॅलिफोर्नियाबद्दल सगळे पैशाचं बोलतात. मला तिथली एक जुनी कायद्याची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, असा करार त्या राज्यात चालत नाही. ही तरतूद १८७२ पासूनची. १९५७ मध्ये शॉकलीच्या प्रयोगशाळेतून आठ जण एकदम उठले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल. माणूस सुटा झाला की विद्या फिरते. तिथे जाणार असाल तर तुमचा हुशार माणूस उद्या समोरच्या इमारतीत दिसेल, हे धरूनच चाला.

तिसरी पायरी: पैशाला कोणती दोरी बांधलीय ते बघा

फुकटचा पैसा कुठेच नसतो. चिलीने २०१० मध्ये स्टार्ट-अप चिली काढलं, तेव्हा परदेशी फाउंडरना सुमारे ४०,००० डॉलर आणि वर्षाचा व्हिसा दिला, हिस्सा शून्य. दोरी अशी की तिथे येऊन राहा, स्थानिकांना शिकवा, आणि खर्चाची पावती दाखवून पैसे परत घ्या. आधी खिशातून खर्च करायची ऐपत नसेल तर असलं अनुदान गळ्याशी येतं. इस्रायलच्या इनोव्हेशन ऑथॉरिटीचं अनुदान घेतलं, तर विक्री सुरू झाल्यावर रॉयल्टी द्यावी लागते आणि ते तंत्र देशाबाहेर न्यायचं म्हटलं की परवानगी आणि मोठी रक्कम.

अमेरिकी पैशाची दोरी आकड्यांत लपलेली असते. वाय कॉम्बिनेटर या नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१३ मध्ये सेफ नावाचा चार-पाच पानांचा कागद आणला. आज पैसा द्या, शेअर पुढच्या राउंडमध्ये, म्हणजे भांडवल उभारणीच्या फेरीत, मिळतील, असा त्याचा मतलब. सोपा आहे म्हणूनच धोक्याचा. उदाहरण करून बघू. ५० लाख डॉलरच्या पोस्ट-मनी कॅपवर, म्हणजे सेफचे पैसे धरून कंपनीची जास्तीत जास्त किंमत तेवढी मानून, तुम्ही एकाकडून ५ लाख घेतले, म्हणजे १० टक्के गेले. महिन्याने दुसऱ्याकडून तेवढेच, आणखी १०. मग मामाच्या मित्राकडून अडीच लाख, आणखी ५. वाटतं की तिघं मिळून एकमेकांचा हिस्सा थोडा पातळ करतील. तसं होत नाही. पूर्ण २५ टक्के फाउंडरच्या ताटातून जातात, आणि खरा राउंड अजून व्हायचाच असतो.

खुद्द वाय कॉम्बिनेटरचा सध्याचा देकार ५ लाख डॉलरचा आहे. त्यातले १.२५ लाख ७ टक्क्यांसाठी. उरलेले ३.७५ लाख बिनकॅपच्या सेफवर, पण पुढे तुम्ही कोणाला सगळ्यात चांगली अट द्याल ती त्यांनाही लागू. नंतर कोणाला १ कोटी डॉलरची कॅप दिलीत तर त्यांचे आणखी ३.७५ टक्के झाले. सही करण्याआधी हे गणित स्वतःच्या हाताने एक्सेलमध्ये मांडा, सीएला सांगू नका. आपल्या हिश्शाचा आकडा आपल्याला तोंडपाठ हवा.

चौथी पायरी: कागद

डेलावेअरची कंपनी दहा मिनिटांत निघते आणि दहा महिन्यांनी घाम फोडते. प्रथेप्रमाणे १ कोटी शेअर अधिकृत केलेले असतात. मग फ्रँचाइज टॅक्सची, म्हणजे त्या राज्यात कंपनी नोंदलेली ठेवण्याच्या वार्षिक कराची, नोटीस येते, साधारण ८५,००० डॉलरची. एका फाउंडरने मला रात्री अकराला फोन केला होता, आवाज पार पडलेला. ती रक्कम एका पद्धतीने काढलेली असते. दुसऱ्या पद्धतीने, कंपनीची मालमत्ता धरून हिशेब केला की लहान कंपनीचा कर बहुधा ४०० डॉलरवर येतो. मुदत १ मार्च. तो पठ्ठ्या तेव्हा शांतपणे झोपला, पण दुसरी गोष्ट त्याने विचारलीच नव्हती. परदेशी माणसाच्या हातात २५ टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या अमेरिकी कंपनीने मालकाशी कसलाही व्यवहार केला की ५४७२ नंबरचा फॉर्म भरायचा असतो. चुकला तर दंड २५,००० डॉलर, कमाई शून्य असली तरी.

जर्मनीत याच्या उलट. तिथे घाम आधीच फुटतो. गेएमबेहा (GmbH), म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या कंपनीला २५,००० युरो भांडवल, त्यातले निदान निम्मे नोंदणीच्या वेळी. एवढे नसतील तर २००८ पासून एका युरोतही निघणारी छोटी आवृत्ती आहे, पण तिला दरवर्षी नफ्याचा चौथा हिस्सा साठवावा लागतो. आणि नोटरी. आपला नोटरी म्हणजे कोर्टाबाहेरचं टेबल, शिक्का आणि लाल सील. तिथला नोटरी तुम्हाला समोर बसवतो आणि अख्खा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो, कायद्यानेच. सत्यनारायणाच्या पोथीसारखा, एकही अध्याय न गाळता. जर्मन येत नसेल तर दुभाषा आणावा लागतो, त्याचा खर्च तुमचा. ज्यांच्याकडे हे चालू असतं ते कंटाळतात, पण नंतर भागीदारांत 'मला ठाऊकच नव्हतं' म्हणायला कोणाला तोंड उरत नाही.

सिंगापूरला एका डॉलरच्या भांडवलात कंपनी निघते, मात्र निदान एक संचालक तिथला रहिवासी हवा. तो भाड्याने मिळतो आणि त्याचं वर्षाचं भाडं पहिल्या कोटेशनमध्ये बारीक अक्षरात असतं. आधी तीच ओळ वाचा.

आता भारतातला कागद. हा बहुतेकांचा राहून जातो. भारतात राहून तुम्ही स्वतःच्या परदेशी कंपनीचे शेअर घेतलेत, म्हणजे ती परदेशातली थेट गुंतवणूक झाली. फेमाचे, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचे, २०२२ चे नियम लागू होतात. पैसा आपल्या बँकेतून, एफसी फॉर्म भरून, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत जायला हवा, आणि पुढे दरवर्षी कंपनीच्या कामाचा अहवाल द्यायचा. कंपनी काढून देणाऱ्या वेबसाइटवर याचं नावही नसतं. तिचा तो धंदा नव्हे. पुढे गुंतवणूकदाराचा वकील कागद तपासायला बसतो तेव्हा हे भूत उभं राहतं.

पाचवी पायरी: 'बघू' म्हणजे काय ते शिका

आपल्याकडे 'बघू' म्हणजे नाही. कॅलिफोर्नियात नकार उत्साहात गुंडाळून येतो. कल्पना फार आवडली, संपर्कात राहू, आणि मग शांतता. त्या मीटिंगमधून पुढची तारीख हातात आली नसेल तर ते 'बघू'च समजा.

इस्रायली माणूस तोंडावर सांगतो. त्याला ते 'दुग्री' म्हणतात, आडपडदा न ठेवता. आपल्या माणसाला पहिल्यांदा तो अपमान वाटतो. माझ्या एका मित्राच्या सादरीकरणात तिसऱ्या स्लाइडलाच समोरचा म्हणाला, हे चालणार नाही. मित्र लॅपटॉप मिटायला लागला, तर तो माणूस म्हणे, अरे बस, आता तर बोलणं सुरू झालंय! तिथला आठवडा रविवारी सुरू होतो आणि गुरुवारी संपतो. मी स्वतः एकदा घाईचा प्रस्ताव शुक्रवारी दुपारी पाठवला आणि सोमवारपर्यंत उत्तर नाही म्हणून चिडून बसलो. उत्तर रविवारी सकाळीच आलं होतं, माझीच मेलपेटी बंद होती.

जर्मनीत 'तुम्ही' आणि 'तू' हा फरक मराठीसारखाच आहे, त्यामुळे आपल्याला तो पटकन कळतो. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये सगळे अरे-तुरे. दक्षिणेकडच्या श्वाबेन भागातल्या तीन पिढ्यांच्या कारखान्यात मात्र मालक स्वतः 'तू' म्हणेपर्यंत अहो-जाहोच. तुमचं यंत्र विकत घेणार तो कारखानदारच. फिनलंडमध्ये समोरचा गप्प बसला तर बसू द्या. ती शांतता भरायला किंमत कमी करू नका.

सहावी पायरी: बुडाल्यावर काय होतं ते आधीच विचारा

लग्न ठरवताना घटस्फोटाचं विचारू नये, पण इथे विचारायचं. फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१० पासून १३ ऑक्टोबर हा अपयशाचा दिवस म्हणून साजरा करायला सुरुवात केली. सुपरसेल ही गेम कंपनी फसलेला गेम बंद करताना शॅम्पेन फोडते. नोकियाने २०११ पासून माणसं कमी करताना नवी कंपनी काढणाऱ्यांना माणशी २५,००० युरोपर्यंत दिले. पडल्यावर उचलणारं कोणी असलं की पोरं उडी मारतात.

जर्मनीत मात्र कंपनीचे पैसे संपले की संचालकाला तीन आठवड्यांच्या आत दिवाळखोरीचा अर्ज करावाच लागतो. टाळाटाळ हा फौजदारी गुन्हा आहे. आपल्यासारखं 'पुढच्या महिन्यात येतील पैसे' म्हणत सहा महिने ढकलता येत नाही. डेलावेअरची कंपनी नुसती विसरून गेलात, तर ती रीतसर बंद होत नाही, थकलेल्या करावर दंड आणि व्याज चढत राहतं. बंद करायचाही खर्च असतो, तो पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा.

सातवी पायरी: पंधरा दिवस जाऊन या

अमेरिकेत स्टार्टअपसाठी वेगळा व्हिसा नाही. बी-१ या धंद्याच्या भेटीच्या व्हिसावर मीटिंगा करता येतात, काम करता येत नाही. एस्टोनियाचा स्टार्टअप व्हिसा २०१७ पासून आहे, सिंगापूरचा एंट्रेपास आहे. पण त्याआधी पाहुण्यासारखं जा. हेलसिंकीला जायचं तर नोव्हेंबरात, स्लश हा स्टार्टअपचा मेळावा भरतो तेव्हा. अंधार आणि थंडी असते, पण अख्ख्या युरोपचे गुंतवणूकदार एका छपराखाली मिळतात. बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर) किंवा सिंगापूरला जायचं तर गणपतीच्या सुमारास जा आणि महाराष्ट्र मंडळात एक संध्याकाळ काढा. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत जो माणूस भेटतो, तो वीस वर्षं तिथल्या कंपनीत काढलेला असतो आणि घरभाडं, शाळा, वकील यांबद्दल खरं सांगतो. पैसे मागू नका त्याच्याकडे. दोन गिऱ्हाइकांची ओळख मागा.

परतल्यावर ती चार ओळींची वही पुन्हा उघडा आणि जुनं न खोडता खाली नव्याने लिहा. तासगावच्या पोराने कंपनी इथेच काढली. मागच्या महिन्यात तो आला तेव्हा वहीत गिऱ्हाइकाच्या ओळीत तासगाव, पलूस, नाशिक होतंच, त्याच्यापुढे त्याने पेन्सिलीने 'चिली?' लिहिलं होतं. द्राक्षं तिथेही पिकतात. स्पॅनिश येतं का म्हणून विचारलं, तर म्हणाला, क्लास लावलाय.